टेरेलची बाजू

अल्फारेटा, अमेरिका

प्रिय भावनाताई, सप्रेम जयभीम.

मी बरा आहे, नोकरी नीट चालू आहे. आईचे गुडघे कसे आहेत?

आमच्या इथल्या कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल टीममध्ये चेंडू घेऊन पळणारा आजवरचा सर्वांत भारी खेळाडू कोण, यावर मी आणि इथेच जन्मलेला माझा रूममेट अर्णव नेहमी भांडायचो. मी जुन्या टेरेलच्या बाजूचा. परवा अर्णव एका पॉडकास्टवर माझेच मुद्दे स्वतःचे म्हणून बोलला. तिथे कुणीतरी माझं नाव काढलं, तर हसून म्हणाला, "प्रफुल्ल? तो इंडियातून आलाय, त्याला फक्त क्रिकेट कळतं."

मी विचारलं, तर म्हणाला, "यार, जोक होता."

शनिवारी मॅचला एकटाच गेलो.

आई नेहमीसारखा पार्सलमध्ये अर्णवसाठी वेगळा चिवडा भरेल. तिला अडवू नकोस.

तुझाच,
प्रफुल्ल