चिकटलेली दोन पानं

ती. धाकट्या मावशीस,

साष्टांग नमस्कार (मनातल्या मनात, पियानोच्या स्टुलावर बसून पाठ अशी धरली आहे की प्रत्यक्ष वाकणं जमणार नाही). तू बरी असशील असं धरून चालतो. पत्राला दीड महिना लावला, कबूल. तीन वेळा कागद घेतला. एकावर वाणसामानाची यादी झाली, दुसऱ्यावर पियानोचा पाय टेकवला, तिसऱ्याचं काय झालं आठवत नाही.

मी थोरल्या मावशीकडे आहे. आठ दिवसांसाठी आलो त्याला चार महिने झाले. (छापखान्यातलं काम सोडलं. फोटोग्राफीही. आईपाशी बोलू नकोस.) मावशीचं हृदय थकलंय. चार पावलांत धाप लागते, म्हणून तीन आठवडे ती अंथरुणातच आहे. डॉक्टर जिन्यात मला म्हणाले, "ज्यांना कळवायचं त्यांना कळवून घ्या." मी मान डोलावली आणि वर येऊन पियानो पुसला.

तिला एकच हवं आहे: तुम्हा दोघींचा तो सोनाटा, त्यातला मधला संथ भाग, घरात वाजायला हवा. हाताशी मीच, म्हणून मी. ती पलीकडच्या खोलीतून काठीनं शिकवते. एक ठोका म्हणजे चूक, दोन म्हणजे पुन्हा, तीन म्हणजे आता पुरे, माणसं राहतात इथे. त्यात मधे एका ठिकाणी सूर एकदम तुटतो, कुणी बोलताबोलता उठून निघून जावं तसा, आणि पुढच्या पानावर भलतंच सुरू होतं. मी यावर आठवडाभर विचार केला. रचनाकाराच्या घरी तेव्हा कुणीतरी गेलं असणार, असा निष्कर्ष काढला आणि तो दूधवाल्यालाही समजावला. त्या जागी काठी कधीच वाजायची नाही. मला वाटलं, भाच्यानं मर्म पकडलं.

मग मंगळवारी पियानोचे सूर जुळवणारा आला. तो मावशीचा जुना विद्यार्थी. माझं ऐकून हसला. म्हणाला, "अजून चिकटलेलंच आहे का ते पान? मीही असाच शिकलो. परीक्षक म्हणाले, बाळा, मधलं कुठे गेलं? म्हटलं, बाईंनी एवढंच शिकवलं." म्हणजे वीस वर्षं या गल्लीतली पोरं दोन पानं गाळून नापास होताहेत, आणि मी त्यावर तत्त्वज्ञान रचतोय.

किटलीच्या वाफेवर पानं सोडवली. चारी कडांना नीट डिंक होता. आत पेन्सिलीनं तुझं अक्षर: "ताई, इथे थांब. श्वास घे." त्याखाली लाल शाईत तिचं: "मला शिकवू नकोस."

काल ती दोन पानं वाजवली. काठी गप्प. आत गेलो तर भिंतीकडे तोंड करून पडलेली.

"चुकलं का, मावशी?"

"चुकायला आधी वाजवावं लागतं." मग, "तिला लिहिलंस?"

"हो."

"काय म्हणाली?"

"विचार करते म्हणाली."

तेव्हा तू विचार करते आहेस, एवढं लक्षात असू दे.

तुझा भाचा

ता. क. यायची घाई नाही. सवडीनं ये.

ता. क. २ वरचं खोडलं असं समज. आजच नीघ. मला ती पानं येत नाहीत, आणि तिला ती माझ्याकडून ऐकायचीही नाहीत.

ता. क. ३ काठी वाजतेय, पण हे ठोके वेगळे आहेत, एकेक जवळ येतोय. मावशी दारात उभी आहे, भिंतीला धरून. मला म्हणाली, "ऊठ." मी पियानोच्या झाकणावरच लिहितोय. ती वाजवतेय. एक सूर चुकत नाही. आता तुझ्या ओळीपाशी आली. थांबली आहे. श्वास घेते आहे.