कोपराची खूण

प्रिय ताई,
तुझ्या धाकटीचा नमस्कार.

आठवतं, तुला चौथीत मागे ठेवलं आणि तू माझ्या बाकावर आलीस? शिकवणाऱ्या सिस्टरनी तुझं नाव घेतलं की मी तुला कोपराने ढोसायचे. तुला डाव्या कानाने ऐकू येत नाही, एवढं साधं त्यांना सांगायला मला सुचलं नाही.

सोमवारी माझ्या वर्गात तेच कोपर दिसलं. जिला सगळे ‘ढिम्मी’ म्हणतात, तिला शेजारची मैत्रीण हळूच ढोसत होती. तिलाही यंदा मागे ठेवणार होते. मी दोन्ही बाजूंनी हाका मारून पाहिल्या. मग तिला भिंतीशी बसवलं, चांगला कान माझ्याकडे. प्रश्न अर्धाच विचारला, तर म्हणते, “बाई, मी सांगू?” मैत्रीण म्हणाली, “सुटलं बाई माझं कोपर.”

मुख्याध्यापिका आता तिला वरच्या वर्गात घालणार आहेत. आनंदाने मला जेवण सुचेना.

तू फोन का उचलत नाहीस? यंत्र कानात असतं की कपाटात?

सोबतच्या पुडक्यातला मफलर भावोजींना दे, रंगपेटी नातीला. माझ्या वर्गातल्या त्या मुलीने काढलेलं चित्र मात्र तुझं. एका बाकावर दोन मुली आहेत आणि मागे लिहिलंय, ‘बाईंच्या ताईला’.

तुझ्याच बाकावरची,
धाकटी