ढगाच्या पोटातली हवा

प्रिय ताई,

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. चार वेळा उत्तर लिहायला बसले आणि चारही वेळा कागद फाडला. इकडे सगळं ठीक आहे. म्हणजे, ठीक म्हणायचं इतकंच.

माझ्या कामाबद्दल तू कधी विचारलं नाहीस; बाबा मात्र खोदून खोदून विचारायचे. मी सांगायचे, उपग्रह ढग वरून बघतो, पण ढगाच्या पोटातली हवा किती ओली ते त्याला थेट दिसत नाही. मग आम्ही ढगाच्या माथ्याच्या तापमानावरून त्याची उंची काढतो, तिथवर हवा ओलीचिंब आहे असं धरतो आणि पुढचा हिशेब मांडतो. ‘असं धरतो’ म्हटलं की बाबा हसायचे. म्हणजे तुमचं हवामान खातं अंदाजपंचेच की गं!

त्या सोमवारी सकाळी फुग्याला बांधून सोडलेलं यंत्र हवा कोरडी सांगत होतं आणि ढगांवरून काढलेला माझा आकडा नेमका उलटा. साहेब म्हणाले, दोन्ही नको, एकच काय ते सांग. डोकं चक्रावलं होतं. पण फुगा एकाच जागेवरून वर जातो, ढग तर साऱ्या खाडीवर पसरलेला. मी माझा आकडा धरून बसले. आधीच्या महिन्यात त्याच पद्धतीने दिलेल्या इशाऱ्यामुळे नऊ होड्या वेळेत परतल्या होत्या, ताई. वादळी पावसाचा इशारा गेला, खाडीतली वाहतूक बंद झाली.

आणि दिवसभर लख्ख ऊन पडलं. ढग सरकत सरकत भर समुद्रात जाऊन कोसळला. म्हणजे ओल खरी होती, जागा चुकली. मग मी बरोबर की चूक? साहेब म्हणतात, बरोबर. मला सकाळी एक वाटतं, संध्याकाळी दुसरंच.

तू लिहिलंस, त्याच सोमवारी बाबांचं डोकं मांडीवर घेऊन तू चार तास धक्क्यावर बसलीस, खाडीपलीकडे दवाखान्याची इमारत दिसत होती, आणि पाया पडूनही लाँचवाला हलला नाही. त्याच्याविरुद्ध तू तक्रार केलीस, आता त्याचा परवाना जाणार.

ताई, ती तक्रार मागे घे. त्याने फक्त हुकूम पाळला. तो हुकूम माझ्या आकड्यावर निघाला. खाली सही माझी आहे. बाबांना अखेरचा निरोप देताना तुझ्या शेजारीच उभी होते, पण जीभ रेटली नाही. बोलायचं ते मला बोल. नुसती शिवी लिहून पाठवलीस तरी चालेल, पण लिही.

तुझीच, अजून तशी म्हणवून घेता येत असेल तर,
धाकटी