रेणुकाचं इन्शुलिन

वाटूर, ता. परतूर
१४ सप्टेंबर २००८

ती. देवानंददादास,
बेबीनंदाचा नमस्कार. वहिनीचे गुडघे आता कसे आहेत? इकडं कपाशी चांगली आहे, माझी अंगणवाडी चालू आहे. रेणुका मधी जरा आजारी पडल्ती. आता शाळेत जाऊन राह्यली.

तू पुण्याहून नेटवरचे आणखी कागद पाठवलेस, ते मिळाले. दादा, आता पाठवू नको.

पहिल्या वेळचे मी चारदा वाचल्ते. कारल्याचा रस पाजून पोरांचं इन्शुलिन सुटलं, असं सत्तावीस जणांनी लिहिलेलं. फोनवर तू म्हणालास, "इतके लोक खोटं कशाला लिहतील?" मलाही बराबर वाटलं. दहा वर्षांच्या पोरीला रोज सुई टोचायची म्हंजे काय, तुला काय सांगू.

जरा आजारी, असं वर लिहिलं ते खोटं आहे. इन्शुलिन मीच बंद केलं. तिसऱ्या दिवशी उलट्या, जोरजोरात श्वास, मंग ती हाकेला ओ देईना. जीप करून जालन्याला नेलं. डॉक्टरांनी विचारलं, "इन्शुलिन कुणी थांबवलं?" मी म्हणाले, "संपल्तं." बाटली घरी भरलेली होती.

दोन दिवसांनी तिनं डोळे उघडले. म्हणाली, "आई, आज सुई दिली का?" तेव्हा मी डॉक्टरांना खरं सांगितलं. ते म्हणाले, "हिच्या शरीरात इन्शुलिन बनतच न्हाई. रसातून कुठून येईल?"

घरी येऊन कागद परत काढले. पोराचं वय कुणी लिहिलं न्हाई. साखर तपासली का, तेही न्हाई. सगळ्यांनी रस सुरू केल्यावर आठ-पंधरा दिवसांतच लिहिलेलं. पुढं काय झालं ते सांगायला एकही परत आला न्हाई. ज्यांच्या लेकरांचं रेणुकासारखं झालं, ते शरमेनं लिहितच नसतील. मीही डॉक्टरांशी खोटं बोललेच ना.

सासूबाई म्हणतात, "सुयांचं बाहेर कळू देऊ नको, पोरीला पुढं कोण करील?" मी आता ओसरीवर बसून, सगळ्यांदेखत सुई देते. कुणी विचारलं तर बिलकुल लपवत न्हाई.

तू मायेनं पाठवलेस, ते कळतं. तरी तुझ्यावर राग आहे. कॉम्प्युटरवर बस आणि त्या सगळ्यांच्या खाली आमचं लिही. तीन दिवसांत काय झालं ते, माझ्या नावानिशी, गावानिशी. रेणुका मामाची वाट पाहून राह्यली. पण लिहिल्याबिगर येऊ नको.

तिचं इन्शुलिन बंद करणारी, आणि आता कुणाच्या बापाला बंद करू न देणारी,
बेबीनंदा