होंडाचा आवाज

भडगाव, २० ऑगस्ट १९९०

भाऊ,

पुन्हा बटण दाबलं. तुझी साडेसातशे सीसीची होंडा नुसती टिकटिकली. कुवेतमध्ये फौजा शिरल्यापासून तुझी खबर नाही. रोज सकाळी गाडीचा आवाज ऐकला की आई म्हणते, "मना पोर्‍या खुशाल शे." आज तिने ताट बाजूला सारलं. "मना पोर्‍याले काहीतरी व्हयनं."

काल मी गाडी पद्मालयच्या गणपतीला नेली. तुझ्यासाठी नवस बोललो, पण खरं तर मला ती चालवायची होती. आल्यावर किल्ली बंद करायला विसरलो आणि बॅटरी उतरली.

तिकडे टपाल जात नाही, म्हणूनच हे लिहितोय.

तुझा,
हिलाल

मंगळवार. सकाळी आईला खरं सांगितलं. तिने कानाखाली वाजवली. मग म्हणाली, "आते भाकर दे."