सहापैकी सहा

पाचूबंदर, वसई
मंगळवार (डायलिसिस नसलेला वार)

प्रिय फ्लॉसी हिला बर्नार्डदादाचा आशीर्वाद आणि येशूची शांती.

तुझी प्रकृती कशी आहे, असं रीतीप्रमाणे विचारायला हवं. पण तुझ्या प्रकृतीची अख्खी फाईल सध्या माझ्या उशाला आहे. रक्तदाब उत्तम, साखर नाही, हृदय घोड्यासारखं, दोन्ही किडन्या जागच्या जागी. तेव्हा ती चौकशी पोचली असं समज. इकडचं क्षेम विचारशील, तर किडन्या सोडून बाकी सगळं ठीक आहे. तू माझा फोन घेत नाहीस आणि माझं अक्षर दिसलं की कागद न वाचताच डाळीच्या डब्याखाली सारशील, म्हणून हे पत्र तुझ्या ज्युडच्या नावावर आहे. तो तुला वाचून दाखवेल. (ज्युड बाळा, कंसातलं वाचायचं नाही.)

आठवड्यातून तीनदा मला गोखिवऱ्याला नेऊन चार-चार तास यंत्राला बांधतात. दिवसाला पाणी एक लिटर, त्यात चहासुद्धा आला. जन्म समुद्राच्या काठी गेला आणि म्हातारपणी तुझा भाऊ पेल्यावर पेनाने रेघ मारून पाणी पितो. सुकट बंद, बोंबील बंद, लोणचं बंद. ॲनी माझ्यासाठी भाजी दोनदा उकडते आणि त्यातली चव पाण्याबरोबर मोरीत ओतून देते. (तिची चूक नाही, डॉक्टरांनीच सांगितलंय. पण ती जरा आनंदाने ओतते असं मला वाटतं.) फ्लॉसी, मला आता जगायचा कंटाळा आलाय असं मी सगळ्यांना सांगतो. खोटं सांगतो. मला भीती वाटते.

गंमत बघ. एकतीस वर्षं मी मुंबईच्या त्या संस्थेत माकडांची नोकरी केली आणि आता मीच माकड झालो. तुम्हाला सगळ्यांना वाटायचं, मी नुसती केळी वाटतो. तिथे एका माकडाच्या कातडीचा नखाएवढा तुकडा दुसऱ्याच्या पाठीवर लावायचे आणि ते शरीर त्या तुकड्याला किती दिवस आपलं म्हणतं, हे मोजायचे. मोठे डॉक्टर त्यावर निबंध लिहायचे. रोज सकाळी जाऊन रंग बघायचं काम मात्र माझं. तुकडा गुलाबी असला की शरीराने मानलं, काळा पडला की नाकारलं. परक्याचा तुकडा साधारण नवव्या-दहाव्या दिवशी काळा पडायचा. सख्ख्या बहिणीचा कधी महिनाभर टिकायचा आणि कधी परक्यासारखाच दहा दिवसांत गळायचा, कारण ऊती जुळणं हा नशिबाचा भाग असतो. सख्ख्या भावंडांत चारातलं एखादंच तंतोतंत जुळतं, दोन अर्धी जुळतात आणि एक मुळीच जुळत नाही. कोणतं माकड कुणाचं कोण, हे मी वहीत तीन पिढ्यांपर्यंत लिहून ठेवलं होतं. आपल्या घराण्याची अशी वही कुणी ठेवली असती, तर आज ही वेळ आली नसती.

माझ्यावर दुसऱ्याची किडनी लावून घ्यायची पाळी आली तेव्हा सगळे धावले, हे खरं. ॲनीचा रक्तगट निराळा निघाला. (पस्तीस वर्षं संसार केल्यावर हे कळलं, पण मला नवल वाटलं नाही.) आमच्या लेकीला, ॲनिशाला दिवस गेलेत, तिला डॉक्टरांनी दारातूनच परत पाठवलं. राहिला आपला धाकटा भाऊ ॲल्रॉय. होडी किनाऱ्याला लावून, दोन दिवसांच्या म्हावऱ्यावर पाणी सोडून, नवा शर्ट घालून तो रक्त द्यायला आला, आणि ऊतींच्या ज्या सहा खुणा तपासतात, त्यांत सहापैकी शून्य जुळला. शून्य! वाटेतला रिक्षावाला धरून आणला असता, तरी एखादा गुण मिळाला असता. ॲल्रॉय हॉस्पिटलच्या पायरीवर बसून रडला. मग त्याने ते दुःख लिलावाच्या वेळी बंदरावर चारचौघींत सांगितलं आणि पापलेटाचा भाव ठरायच्या आत आपल्या आईच्या चारित्र्याचा निकाल लागला.

ती अब्रू सावरायला मी रविवारी मिस्सानंतर सगळ्यांना घरी बोलावलं आणि चारातलं एक कसं मुळीच जुळत नाही, हे माकडांच्या वहीवरून समजावून सांगितलं. दोनशे बारा नंबरची माकडीण किती सुशील होती आणि तरीही तिच्या दोन पोरांचं एकमेकांशी काडीचं जुळत नव्हतं, इथपर्यंत मी आलो. तोवर रेजिनामावशीच्या लक्षात आलं की दोनशे बारा म्हणजे आपली आई. ती ताट घेऊन उठली. (ताट आमचं होतं, अजून आलेलं नाही.)

आणि मग तू आलीस. कुणी बोलावलं नसताना, कुणाला न सांगता, चंदनसारहून एकटी जाऊन रक्त देऊन आलीस. डॉक्टरांनी मला बोलावून सांगितलं, तुमची बहीण सहापैकी सहा. एकतीस वर्षांत असं जुळलेलं मी मोजून दोन-तीनदा पाहिलंय. मी खुर्चीत बसलो तो उठलोच नाही. संध्याकाळी ज्युड तुझा निरोप घेऊन आला. तो मी पाठ केलाय: "किडनी देते म्हनावं. पन बोलनार नाय." (ज्युड, हे वाच. तिचंच आहे, तिला आवडेल.)

मला तेही चालणार होतं. किडनीला कुठे तोंड असतं? पण सरकारी कायद्याला तोंड आहे, आणि त्याने मागच्या गुरुवारी अवयवदानाला परवानगी देणाऱ्या समितीपुढे आपल्याला नको ते विचारलं. किडनी विकत तर घेतलेली नाही ना, हे त्यांना बघायचं असतं. (माकडांना असलं कुणी काही विचारत नसे. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नव्हतं, आता वाटतं.) भावाला काय आवडतं, असं त्यांनी विचारल्यावर तू भिंतीकडे बघून सांगितलंस, सुकट, लहानपणी माझ्या ताटातलीपण खायचा. ते मॅडमने लिहून घेतलं, मला वाटलं जिंकलो. मग त्या चष्मेवाल्याने विचारलं, भावाशी शेवटचं कधी बोललात? आणि तू, जिने पहिल्या कम्युनियनपासून खोटं बोलायचं सोडलंय, म्हणालीस, "आठ वर्सां झाली." त्याने पेन खाली ठेवलं. जी बाई भावाशी आठ वर्षं बोलत नाही, ती त्याला किडनी फुकट कशाला देईल, असा त्यांचा हिशेब. आपल्या दोघांच्या बाप्तिस्म्याचे दाखले टेबलावर होते. ते म्हणाले कागद ठीक आहे, पण नातं दिसत नाही. परवाच्या गुरुवारी परत बोलावलंय. एकत्र फोटो आणा म्हणाले.

फोटोसाठी मी घर उलथंपालथं केलं. ॲनिशाच्या लग्नाचा अल्बम तीनशे फोटोंचा आहे. त्यात केटररचा कुत्रा आहे, तू नाहीस.

आता ते सांगतो, जे आठ वर्षं सांगितलं नाही. लग्नाच्या आदल्या दिवशी विहिरीवरून पाणी आणायचा मान आत्याचा, आणि तिला बोलवायला भावाने स्वतः नारळ घेऊन तिच्या दारात जायचं, ही आपल्या घरची रीत. मी मंडपवाल्याकडून निरोप धाडला. तू आली नाहीस, बँड तासभर विहिरीवर वाजत उभा राहिला आणि शेवटी कळशी ॲनीच्या बहिणीने उचलली. त्या निरोपात मी कळवलं होतं की संस्थेत तातडीचं काम निघालं. काम खरं होतं. दोनशे चौदा नंबरच्या माकडिणीच्या पाठीवर तिच्या बहिणीचा तुकडा लावला होता, त्याचा तो नववा दिवस. बदलीचा माणूस रंग नीट बघत नसे. मी सकाळी तिथे गेलो, तुकडा गुलाबी होता, मला इतका आनंद झाला की मी अर्धा तास तिथेच उभा राहिलो. बहिणीला बहीण मानते की नाही, हे बघत बसलो, आणि माझी बहीण चंदनसारला नवं लुगडं नेसून दाराकडे बघत बसली होती. (त्या माकडिणीचं नाव मी फ्लॉसी ठेवलं होतं. रागावली की तीन-तीन दिवस पाठ करून बसायची. केळंसुद्धा पाठीमागून हात काढून घ्यायची. हे चुकूनही वाचू नकोस, ज्युड.)

चूक माझी होती. ॲनीच्या बहिणीची नाही, मंडपवाल्याची नाही, माकडाची तर नाहीच.

बाकी सर्व ठीक. ॲल्रॉय सांगतोय, यंदा म्हावरं कमी आहे. तुझ्याकडच्या जावईबापूंना माझी आठवण सांगणे.

तुझा,
बर्नार्डदादा

ता. क. : किडनीसाठी हे पत्र लिहिलेलं नाही. ती नाही दिलीस तरी चालेल, असं लिहिणार होतो, पण मीही पहिली कम्युनियन घेतलेली आहे.

ता. क. २ : गुरुवारी समितीपुढे गोड बोलायची गरज नाही. शिव्या दिल्यास तरी चालेल. सख्ख्या बहिणीशिवाय अशा शिव्या कुणाला येत नाहीत, हे त्या चष्मेवाल्यालाही कळेल.

ता. क. ३ : ज्युड, ही ता. क. मी तुमच्या बिल्डिंगखाली, वॉचमनच्या खुर्चीवर बसून लिहितोय. पत्र पोस्टात टाकायचं नव्हतंच, वॉचमनच्या हाती वर पाठवतोय. लिफ्ट बंद आहे आणि चौथा मजला मला आता या जन्मात चढवणार नाही. मांडीवर नारळ आहे. आपल्याकडची विहीर बुजवून तिथे सोसायटीच्या गाड्या लागतात, त्यामुळे पाण्याचं जमणार नाही. पण दारापर्यंत येऊन बोलवायचं राहिलं होतं, तेवढं करायला आलोय. वरचं पाच पानी काही वाचू नकोस, चूक कुणाची, हे तिला ठाऊक आहे. फक्त सांग, दादा खाली बसलाय. वॉचमनने त्याच्या वहीत नाव लिहायला सांगितलं. कोण लागता, या रकान्यात मी भाऊ असं लिहिलं. त्याने पुरावा मागितला नाही.