लख्ख घासलेलं दुकान

प्रिय चिमे,

तुझं पत्र मिळालं. सोबत पत्ता लिहून, तिकीट लावून उत्तराचं पाकीट धाडलंस ते बरं केलंस. माझं अक्षर बघून टपालवाल्यानं ते भलत्याच गावाला पाठवलं असतं. हा चौथा कागद. आधीचे तीन फाडले. चौथीत शाळा सुटलेल्या माणसाला कुणी आठवणी लिहायला सांगतं का? त्यात तुझी अट, की अप्पांचं डोकं फिरायच्या आधीच्या तेवढ्या लिहा, नंतरचं आम्ही भोगलंय.

गल्ली त्यांना भंगारशेठ म्हणायची, हे तुला ठाऊकच आहे. ते म्हणायचे, “तुमच्या घरात होतं तोवर भंगार. माझ्याकडे आलं की पुराणवस्तू.” दुकान कसलं, बोळच तो. आत शिरायचं तर एकानं आधी बाहेर यायचं. तिथं त्या पितळी दुर्बिणी, होकायंत्रं, तराजू, जुनी नाणी, जहाजावरची घंटा. शाळेतून आलीस की तू ती घंटा वाजवायचीस आणि अप्पा ओरडायचे, “सुटलं गं जहाज, चढ लवकर!” गिऱ्हाईक आलं की आधी स्टुलावर बसवून विचारायचे, नेऊन ठेवणार कुठं? काचेच्या कपाटात म्हटलं की किंमत दुप्पट. मुलांना खेळायला म्हटलं की निम्मी. असा व्यापार कुणी करतं का? पण माणसं दुरून यायची, वस्तूंपेक्षा त्यांच्यासाठीच.

मी निवृत्त झाल्यावर रोज तिथंच बसायचो. घरी माझं होतं कोण? मी कचेरीतला शिपाई. एकतीस वर्षं साहेबलोकांच्या पितळी पाट्या, कड्या, जिन्याचे कठडे घासले. पाटीत तोंड दिसलं पाहिजे, नाहीतर मला झोप यायची नाही. अप्पांच्या दुकानातला तो काळपट, हिरवट थर बघून माझे हात शिवशिवायचे. एकदा बोललोही. ते हसून म्हणाले, “बाबा रे, तू बसून राहा.” का, ते सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

मग त्यांचं पोटाचं ऑपरेशन झालं. तीन आठवडे ते दवाखान्यात. किल्ली माझ्याकडे होती. म्हणाले होते, नुसती धूळ झटक. मला वाटलं, माणूस मरणाच्या दारातून परत येतोय, त्याला काहीतरी द्यावं. लिंबं आणली, राख आणली, वाळू आणली. सकाळी बसायचो ते दिवे लागेपर्यंत. नाणीसुद्धा सोडली नाहीत, एकेक घासलं. बोटांची सालं निघाली. चिमे, करायला गेलो एक आणि झालं भलतंच.

ते आले, दारात थांबले. सगळं दुकान सोन्यासारखं चमकत होतं. ते स्टुलावर बसले. घंटेवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, “वा! केवढी मेहनत घेतलीस रे.” मला चहा पाजला. मी त्या रात्री छान झोपलो.

चार दिवसांनी त्यांचं नेहमीचं गिऱ्हाईक आलं, ते चष्मेवाले प्रोफेसर. त्यांनी होकायंत्र उचललं आणि तसंच खाली ठेवलं. म्हणाले, “याचं वय कुणी खरवडून काढलं?” तेव्हा मला कळलं, किंमत त्या थराचीच होती. अप्पा पटकन म्हणाले, “मीच. बसून बसून कंटाळा आला होता.” प्रोफेसरांनी त्यांच्याकडे जे बघितलं, ते मी अजून विसरलेलो नाही. म्हाताऱ्याला चळ लागला, ही बातमी त्यांनीच पसरवली असणार. गिऱ्हाईक तुटलं. वर्षभरात सगळं वजनावर गेलं. मग ती बातमी ऐकून तू आलीस आणि त्यांना घरी नेलंस. काडेपेटी लपवलीस, दाराला बाहेरून कडी घालू लागलीस, त्यांचा घास मोजू लागलीस. तुझी काय चूक? बापाच्या काळजीनंच केलंस.

मी तुझ्याकडे आलो होतो, आठवतं? तू पाण्याचा पेला माझ्या हातात दिलास आणि त्यांच्यासमोरच विचारलंस, “काका, तुम्ही तर रोज दुकानात असायचात. खरं सांगा, त्या वस्तू अशा कुणी केल्या?” मी पेला खाली ठेवला. सांगणारच होतो, देवाशपथ, तोंड उघडलं होतं. तेवढ्यात अप्पा मध्येच म्हणाले, “आज रविवार ना गं?” तू कपाळावर हात मारलास. म्हणालीस, बघितलंत, हे असं आहे. आणि डोळे पुसत आत गेलीस. त्या दिवशी मंगळवार होता. समोर भिंतीवर कॅलेंडर होतं आणि अप्पा त्याच्याकडेच बघत होते. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, “खुळ्या बापाला लेक सांभाळते रे. तुला कोण सांभाळणार?” तू चहा आणलास, तो प्यायलो आणि परत आलो. त्यानंतर दोन वर्षं ते तुझ्या घरात वेडे म्हणून जगले आणि वेडे म्हणूनच गेले.

‘तुझाच’ म्हणायचा हक्क न उरलेला,
शिपाईकाका